पावती नसलेली वाळू

माझ्या पिकअपला स्नॉर्केल आहे. बॉनेटच्या कडेने वर चढून छताला टेकलेली काळी नळी. गाडी पाण्यात घातली तर इंजिनाला वरून हवा घेता यावी म्हणून ती असते. बर्फात तिचा काडीचा उपयोग नाही, हे ती बसवून घेतानाच मला पक्कं ठाऊक होतं. पण ती असली की सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून विचारतो, "हे काय असतं हो?" आणि हिरवा दिवा लागेपर्यंत आपल्याला बोलता येतं. "हिवाळ्यात स्पितीला न्यायचीय गाडी" एवढं वाक्य पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलमध्ये आरामात बसतं. कर्वे रस्त्यावर तर डिझेल कसं थिजतं तेही सांगून होतं.

हिमालयातल्या बर्फाची तयारी पुण्यात करण्याचं सुख हेच, की इथे तुमची परीक्षा घेणारं कोणी नसतं. शिमल्यात अंगणात चेन लावायला घेतली तर शेजारचा शाळकरी पोरगा येऊन सांगेल की उलटी लावताय. आमच्या सोसायटीत मी छतावर कॅरिअर, कॅरिअरवर फावडं आणि फावड्याशेजारी दोन नारिंगी पट्ट्या अशी गाडी आणून उभी केली, तेव्हा सेक्रेटरींनी एवढंच विचारलं, "बेसमेंटच्या बीमला घासणार नाही ना?" घासत होतं. त्यामुळे गाडी फाटकाजवळ, पाहुण्यांच्या जागेत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी लावावी लागली. मी फारसं वाईट वाटून घेतलं नाही.

त्या पट्ट्या फसलेल्या चाकापुढे सारायच्या असतात. त्यांच्या दातांवर चाक पकड घेतं आणि बाहेर येतं. ऑस्ट्रेलियात वाळूसाठी निघालेली ही वस्तू बर्फातही चालते. दोन पट्ट्यांच्या किमतीत एक बरी सायकल आली असती, असं नवरा म्हणाला. त्याला सायकलच येते. गाडी शिकवण्याचा प्रयत्न लग्नानंतर लगेच झाला होता. लग्न टिकावं म्हणून आम्ही तो सोडून दिला. नोकरीभर तो मुद्रितशोधक होता. पिकअपचं माहितीपुस्तक त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि समासात पेन्सिलीने दुरुस्त्या केल्या.

खरी तयारी मात्र अशी छतावर दिसत नाही. ती रेडिएटरमध्ये, टाकीत आणि टायरच्या रबरात असते, आणि तिथे कोणी काच खाली करून बघायला येत नाही, म्हणून तिच्यात माझं मन कमी रमायचं. रेडिएटरमध्ये आपल्याकडे बिनदिक्कत नळाचं पाणी ओततात. वर ते रात्रीत गोठतं, फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल घातलं तर उणे 35 अंशांपर्यंत तरी घोर नाही. बॅटरीची ताकद उणे 18 ला साधारण निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमध्ये इंजिन फिरवायला तिला जास्त जोर लावावा लागतो. रात्री हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, गोठून धरतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावायचा. वायपर काचेला चिकटू नयेत म्हणून उभे करून ठेवायचे. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ती नक्षीबद्दल टायर करणाऱ्याने स्वतःच दिलेली ग्वाही, चाचणी नव्हे. एरवीच्या टायरचं रबर 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि मग नक्षी कितीही देखणी असो, ती नुसती घसरते.

डिझेलचं दुखणं आणखी वेगळं. त्यात मेण असतं. थंडी वाढली की खोबरेल थिजतं तसं ते धरू लागतं, फिल्टर बुजतो आणि गाडी जागच्या जागी बसते. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 साली खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 पर्यंत वाहतं राहतं. त्याआधी तिकडचे ट्रकवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे किंवा पहाटे टाकीखाली चक्क स्टोव्ह पेटवायचे. हे मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं.

"टाकीखाली स्टोव्ह," तो म्हणाला. "आणि त्या वेळी आपण दोघं कुठे असणार?"

रॉकेल आताच्या नाजूक इंजिनांना सोसत नाही आणि स्टोव्ह नवऱ्याला सोसला नसता. तेव्हा पुण्याचं डिझेल किन्नौरच्या आत संपवायचं आणि पुढे तिथलंच भरायचं, असं ठरलं.

हे सगळं गॅरेजवाल्याला समजावून सांगायला गेले, तर तो कान माझ्याकडे आणि डोळे नवऱ्याकडे ठेवून ऐकत होता. "साहेब, मग ऑइल कोणतं टाकू?" नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं. मी सांगितलं. "बरं. आणि साहेब, कूलंट?" पुन्हा बोट. असं पार बिलापर्यंत चाललं. बिल मात्र त्याने न चुकता माझ्या हातात दिलं.

चेन लावण्याचा सराव मी मे महिन्यात केला. चेन म्हणजे चाकाला बाहेरून घालायच्या साखळ्यांची जाळी. आधी ती टायरवरून टाकायची, मग आतल्या बाजूचा हूक लावायचा. हा हूक जिथे असतो तिथे हात पोहोचला तर डोळे पोहोचत नाहीत. मग गाडी थोडी पुढे घ्यायची, बाहेरचा हूक लावायचा, ताण द्यायचा, दहा-वीस पावलं चालवून पुन्हा ताण द्यायचा. हे सगळं वर हातमोजे घालून करावं लागणार, म्हणून मी इथेही हातमोजे घातले. बाहेर चाळीस अंश, फाटकाजवळ मी पाठीवर आडवी, हातांत लोकरीचे मोजे. वॉचमन आधी पाणी घेऊन आला, नंतर खुर्ची घेऊन आला आणि ती माझ्यासाठी नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काही हरवलंय का गं?" संध्याकाळपर्यंत चेन बसली. दुसऱ्या दिवशी ती काढायला मला आणखी वेळ लागला, पण ते बघायला वॉचमन थांबला नाही.

मग वाळू. पिकअपचा मागचा हौदा रिकामा असतो, त्यामुळे मागची चाकं हलकी राहतात आणि गुळगुळीत बर्फावर गाडीचं बूड एकीकडे निघून जातं. त्यावर जगभरचा उपाय म्हणजे मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती टाकायची. वजनही होतं आणि वेळ आली तर चाकाखाली पसरायलाही होते. अट एकच, वाळू कोरडी हवी; ओली असली तर पोतं गोठून त्याचा धोंडा होतो. समोरच्या बांधकामावरून पाच-सहा पोती विकत आणली आणि गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातली. कुरडयावाल्यांनी हरकत घेतली. मी स्पिती सांगितलं. त्या म्हणाल्या, "वारा कुठून येतो ते बघून पसर म्हणजे झालं."

फेब्रुवारी सरता सरता निघालो, आणि धुळ्याच्या अलीकडे एका नाक्यावर हात आडवा आला.

"हौद्यात काय आहे, मावशी?"

"वाळू."

महाराष्ट्रात पिकअपच्या हौद्यात वाळू आहे असं पोलिसाला सांगणं म्हणजे काय, हे तोंडातून शब्द गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. तोपर्यंत त्याने दुसऱ्याला हाक मारली होती.

"किती ब्रास?"

"ब्रास कसले हो, पोती आहेत पोती."

"पावती?"

"वाळूची?"

"रॉयल्टीची."

नवरा मदतीला धावला. "बर्फात टाकायला नेतोय," तो म्हणाला. आता तिसरा पोलीस आला. पहिल्याने त्याला सांगितलं, "साहेब, हे म्हणतात, हिमालयात वाळू टाकायला चाललेत." साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली. फावडं पाहिलं. चेनची पेटी उघडायला लावली. दोर, शॅकल, हवा भरायचा कॉम्प्रेसर, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे, सगळं पाहिलं. शेवटी त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मुलं काय करतात?" थोरला बंगलोरला असतो, असं नवऱ्याने सांगितलं. "त्यांना माहीत आहे ना?" साहेब म्हणाले. त्याला माहीत होतं. मग सोडलं.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ती मी सगळ्यांना सांगते. बर्फावर इंजिन घालायची हौस माणसाला फार जुनी. शॅकल्टन 1908 साली अंटार्क्टिकावर मोटार घेऊन गेला. ॲरोल-जॉन्स्टन कंपनीची, एका उद्योगपतीने भेट दिलेली. त्या खंडावरची ती पहिली मोटार. गोठलेल्या समुद्राच्या कडक पृष्ठावर ती चांगली पळाली, मऊ बर्फ लागला की चाकं खाली जायची. सगळा भार चार अरुंद चाकांच्या टिचभर जागेवर पडल्यावर दुसरं काय होणार? शॅकल्टन चालतच ध्रुवाच्या दिशेने गेला आणि 1909 च्या जानेवारीत सुमारे 180 किलोमीटर अंतर उरलं असताना परत फिरला. मग स्कॉट. त्याने 1911 मध्ये चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार स्लेज नेल्या. एक जहाजातून उतरवतानाच समुद्रावरचा बर्फ फोडून तळाला गेली. उरलेल्या दोन निघाल्या आणि थोड्याच दिवसांत इंजिनं मोडून वाटेत बसल्या. आता खरी गंमत. शॅकल्टनच्या मोटारीचा मेकॅनिक होता बर्नार्ड डे. स्कॉटच्या स्लेजचा मेकॅनिकही तोच बर्नार्ड डे. आणि दोन्ही स्लेज मेल्यावर त्या टोळीने सामान स्वतः ओढत पुढे नेलं. त्यात डे होताच. पृथ्वीच्या पाठीवर यंत्रांनी इतका दगा दिलेला माणूस दुसरा नसेल. मला तो फार आवडतो. तिकडे आमुंडसेन कुत्री आणि स्की घेऊन 14 डिसेंबर 1911 ला ध्रुवावर जाऊन पोहोचलासुद्धा.

पण खरा नायक पुढेच आहे. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी ध्रुवाकडे निघाला 1957 मध्ये, आणि कशावर? ट्रॅक्टरवर. फर्ग्युसन कंपनीचा शेतातला ट्रॅक्टर, तीस हॉर्सपॉवरच्या आतला. आपल्याकडे ऊस ओढणारे मॅसी फर्ग्युसन पाहिलेत ना, त्यांच्या घराण्यातला पूर्वज. चाकांवरून रुंद पट्टे चढवले म्हणजे वजन पसरतं, आणि तीन ट्रॅक्टर एकमेकांना दोराने बांधले म्हणजे एक बर्फाच्या भेगेत गेला तर बाकीचे धरतील. हिलरीचं काम होतं पलीकडून येणाऱ्या व्हिव्हियन फुक्सच्या तुकडीसाठी वाटेत साठे लावून ठेवायचं. साठे लावून झाले आणि हिलरी तसाच पुढे गेला. 4 जानेवारी 1958 ला ट्रॅक्टर दक्षिण ध्रुवावर उभे होते. स्कॉटनंतर जमिनीवरून तिथे पोहोचलेले ते पहिले, आणि इंजिनाच्या गाडीने पोहोचलेले तर कायमचे पहिले. फुक्स त्यानंतर दोनेक आठवड्यांनी आला. त्याच्या जागी मी असते तर मला ट्रॅक्टर बघून काय वाटलं असतं, याचा विचार मी गाडी चालवताना नेहमी करते.

आणि आता आइसलंडमध्ये काय करतात ठाऊक आहे? पिकअपला कमरेएवढे टायर लावतात आणि त्यातली हवा काढत काढत दोन-तीन पीएसआयवर आणतात. आपण तीसच्या पुढे भरतो. टायर पसरतो, लांबोडका होतो आणि दोन टनांची गाडी मऊ बर्फावरून तरंगत जाते. पट्ट्यांचं काम हवाच करते. आमच्या पंपावरच्या पोराला मी हवा पंधरावर आणायला सांगितली, तर तो म्हणाला, "मॅडम, ढकलत नेणार आहात का?"

नवरा म्हणतो, हिलरी ट्रॅक्टरवर चढला की पाहुणे चपला शोधायला लागतात. शोधोत. मी आइसलंडला येईपर्यंत ते जिन्यात असतात, तिथेही ऐकू जातं.

शिमल्यापर्यंतचं सोडून देते. वाळूबद्दल पुढे कोणीच विचारलं नाही आणि मला थोडं चुकल्यासारखं झालं. रामपूर, रेकाँग पिओ, मग खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथून वळून वर नाको. रस्ता कड्यात कोरलेला. एका अंगाला दगड, दुसऱ्या अंगाला खाली कुठेतरी नदी. आणि इथे माझ्या सगळ्या आइसलंडी विद्येचा निकाल लागला, कारण तरंगायला मऊ बर्फच नव्हता. रस्त्यावरचा बर्फ यंत्राने ढकलून कडेला सारलेला. उरलेला थर गाड्यांनी दाबलेला, दुपारी वितळलेला, रात्री पुन्हा गोठलेला, म्हणजे काच. तिथे हवा काढून काही होत नाही. तिथे चेन लागते, दुसरा गिअर लागतो आणि ब्रेकला पाय न लावण्याचा संयम लागतो. हा शेवटचा कुठल्या दुकानात मिळत नाही म्हणून मी नेला नव्हता. तो नवऱ्याकडे होता. प्रत्येक वळणाआधी तो शांतपणे "ब्रेक नको" म्हणायचा. ते माहितीपुस्तकात होतं.

विंच घ्यायचा विचार मी इथेच सोडला. विंच म्हणजे गाडीच्या नाकावरचा दोराचा रहाट. दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःला ओढून घ्यायचं. स्पितीत झाड शोधायला गेलं तर दिवस जातो. झाड नसेल तर स्टेपनी बर्फात खोल पुरून तिला दोर बांधा, असं ऑफरोडवाले सांगतात. "आणि स्टेपनी पुरल्यावर चाक पंक्चर झालं तर?" नवऱ्याने विचारलं. बारकाईने वाचणाऱ्या माणसाबरोबर प्रवास करण्यात अशा अडचणी असतात.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझी मनापासून इच्छा होती की कोणीतरी अडकावं. जिवाला धोका नको, जखम नको, ऊन असावं, आणि फक्त गाडी अडकावी. माझ्याकडे ताणला जाणारा नायलॉनचा दोर होता. तो ओढताना रबरासारखा लांबतो आणि मग आकसताना फसलेल्या गाडीला हिसका देऊन बाहेर काढतो. तो गाडीच्या टो-बॉलला कधी अडकवायचा नसतो, कारण गोळा तुटून सुटला तर गोळीसारखा जातो. मधोमध जाडसर जाकीट टाकायचं, म्हणजे दोर तुटला तरी फार उसळत नाही. हे सगळं मला पाठ होतं आणि सांगायला कोणी मिळत नव्हतं. हिमाचल परिवहनची बस चेन खुळखुळवत आमच्या शेजारून वर निघून गेली. ड्रायव्हर एका हाताने चालवत होता, दुसऱ्या हातात चहा. मी मोठ्या आशेने आरशात त्याच्याकडे बघत राहिले, पण तो काही अडकला नाही.

नाकोच्या पुढे मात्र एक छोटी पांढरी गाडी डोंगराकडच्या नालीत चाक घालून बसली होती. चार तरणी पोरं, पायांत कॅनव्हासचे बूट. मी गाडी थांबवली, हातमोजे चढवले, दोर काढला, शॅकल काढलं. पोरं धावत आली. नवऱ्याकडे.

"अंकल, थैंक गॉड! रस्सी है आपके पास?"

"मेरे पास कुछ नहीं है," नवरा खरं तेच बोलला. "सब मैडम का है।"

"अंकल, हुक आगे लगाएँ कि पीछे?"

"बेटा, मुझे साइकिल आती है।"

पोरं हसली. विनोद वाटला त्यांना. मी बर्फात गुडघे टेकून त्यांच्या गाडीचा हूक शोधत होते आणि वरून आवाज येत होते, अंकल असं करू का, अंकल तसं करू का. मला बँकेतली माझी केबिन आठवली. दारावर माझं नाव, खुर्चीत मी, आणि आत आलेला माणूस टेबलासमोर उभा राहून विचारतो, "मॅनेजरसाहेब कुठे गेलेत?" पहिल्यांदा मी हसले होते. नंतर पाटी मोठ्या अक्षरांत करून घेतली. निवृत्तीच्या आठवड्यातही एकाने विचारलंच. त्याचं कर्ज मी मंजूर केलं होतं आणि आभार मानायला त्याला साहेब हवे होते. चिडून काही होत नाही, चेष्टा करून होतं, असं मी इतकी वर्षं समजत आले. त्या दिवशी शॅकलची पिन हातमोज्यात धरवत नव्हती, आणि ते थंडीमुळे होतं असं मला तरी वाटत नाही.

पुढच्या वळणावर रस्ता साफ करणारी टोळी होती. या कामावरची पुष्कळ माणसं झारखंडच्या दुमका भागातून येतात. त्यातली एक बाई चालत आली. गमबूट, डोक्याला मफलर, त्यावर शाल. तिने नालीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, कोणालाही अंकल न म्हणता कॅरिअरवरचं फावडं काढून मागितलं. ते मी बोहरी आळीतून पारखून आणलेलं, गाडीवर उठून दिसावं म्हणून लांब दांड्याचं. तिने ते हातात तोललं आणि म्हणाली, "डंडा लंबा है, दीदी। झुक के मारोगी तो कोहनी लगेगी।"

इतक्या महिन्यांत माझ्या सामानाबद्दल कोणी माझ्याशी बोललेलं हे पहिलं कामाचं वाक्य. मी विचारलं, मग किती हवा? तिने दांड्यावर हात ठेवून जागा दाखवली. मग फावडं आखूड धरून ती चाकाभोवती खणायला लागली. मी शेजारी पट्टीने उकरत होते. काय आणलंय हौद्यात, तिने विचारलं. रेत, मी म्हणाले. सूखी? सूखी. तिचा चेहरा उजळला. मग आम्ही दोघींनी एक पोतं फोडून चाकाखाली आणि चाकापुढे सारखं पसरलं. ती म्हणाली, अब हल्के से. मी पोराला सांगितलं, दुसरा गिअर, क्लच हळू, एक्सीलरेटर जवळजवळ नाहीच. दोर तोपर्यंत दोन गाड्यांच्या मध्ये लावून तयार होता, जाकीटसुद्धा टाकलेलं होतं. गाडी वाळूवर चढली आणि आपली आपण रस्त्यावर आली. दोर सैलच पडून राहिला.

पोरांनी नवऱ्याला मिठी मारली. सेल्फी काढली. एकाने स्नॉर्केलकडे बोट दाखवून विचारलं, "अंकल, ये क्या है?" नवऱ्याने त्यांना खांद्याला धरून वळवलं आणि बायकांच्या दिशेने उभं केलं. "थैंक यू उधर बोलने का," तो त्याच्या पुणेरी हिंदीत म्हणाला. आवाज मोठा होता. घरात त्याचा आवाज प्रुफातली चूक सापडल्यावरच चढतो. पोरं वरमली, थँक यू आंटी म्हणाली. बाईलाही म्हणाली. तिने मान हलवली आणि मला विचारलं की बाकीची पोती इथेच ठेवून जाता का; या वळणावर रोज कोणी ना कोणी घसरतं आणि इथली वाळू सगळी गोठलेली असते.

आम्ही दोघींनी पोती उतरवून दगडाच्या आडोशाला लावली, वर प्लॅस्टिक टाकलं. पुण्याची वाळू, विनापावती. तिथून काझापर्यंत हौदा हलका होता आणि मागचं बूड वळणावळणाला घसरत होतं. तिथे हार्डवेअरवाल्याकडून मी फावड्याचा दांडा तिने दाखवलेल्या जागी कापून घेतला. आता ते कॅरिअरवर अजिबात उठून दिसत नाही.

पुण्यात परतल्यावर गाडी धुवायला आणि ऑइल बदलायला गॅरेजमध्ये टाकली. "काय साहेब, कशी चालली?" गॅरेजवाल्याने नवऱ्याला विचारलं. मी त्याच्या बोटाची वाट बघत होते. बोट उठलंच नाही.

"चालली," नवरा म्हणाला आणि बाकड्यावर ऐसपैस बसला. "तसं आहे, मागे वजन नसलं की बूड घसरतं. अशा वेळी ब्रेकला पायच लावायचा नाही. सेकंडला ठेवायची. आणि टायरचं म्हणाल तर..." गॅरेजवाला स्टूल ओढून बसला. चहा आला. हिलरीसुद्धा येऊन गेला, ट्रॅक्टरसकट. फुक्स दोन आठवडे उशिरा पोहोचला हे सांगताना तो थोडा थांबला, जिथे मी थांबते तिथेच.

"पुढच्या वेळी अजून काय लावायचं, साहेब?"

"विंच बघू या," नवरा म्हणाला.

"झाडं?" मी विचारलं.

"स्टेपनी पुरू."